शाळा उघडून दोन आठवडे झाले, पहिलीला शिकवायला अजून बसली नाही

खडूवाली
शनिवार, ५ जुलै २०२५, रात्री ९.१०

बाकी महाराष्ट्राची शाळा १६ जूनला उघडली, आपली विदर्भाची २३ ला. पहिला आठवडा सकाळपाळी, सात ते पावणेबारा, कारण ऊन. ३० पासून नेहमीची वेळ. या सगळ्या दिवसांत पहिलीच्या वर्गात मी सलग अर्धा तास बसली असेन तर शपथ.

हिंगणा तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा आहे, चौथीपर्यंत. आम्ही तिघं शिक्षक. एमआयडीसी जवळ, त्यामुळे निम्मे पालक बालाघाट-छिंदवाड्याकडचे. कोणी पॅकिंगला, कोणी सेंट्रिंगला. जून लागला की यांच्या भाड्याच्या खोल्या बदलतात आणि खोल्यांसोबत आमची पोरं बदलतात.

पहिल्या दिवशी प्रवेशोत्सव केला. तोरण, फुगे, नव्या पोरांची पावलं कुंकवाच्या पाण्यात बुडवून कागदावर उमटवली. छान वाटते, खोटं कशाला बोलू. पण ठसे वाळायच्या आत ग्रुपवर मेसेज: फोटो टाका, लिंक भरा, बारा वाजेपर्यंत. तेव्हापासून लिंका चालूच आहेत. पुस्तकं किती आली, किती वाटली. गणवेशाची मापं. पोषण आहाराची रोजची नोंद. अपारची, म्हणजे पोरांच्या कायमच्या आयडीची, संमतीपत्रं. यू-डायस, म्हणजे शाळांच्या माहितीचं सरकारी पोर्टल. एकच पट मी आतापर्यंत सहा ठिकाणी भरला, आणि दरवेळी रकान्यांचा क्रम वेगळा.

हे सगळं दरवर्षीचंच. यंदा डोकं खराब झालं ते वेगळ्या कारणानं.

आमचा पट ६३. आधार व्हॅलिड ६०. तिसरं पद टिकवायला ६१ लागतात. म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत आणखी एक, फक्त एक आधार जुळलं नाही तर आमच्यातला एक जण अतिरिक्त, आणि चार वर्ग दोघांत.

उरलेल्या तिघांत दोघं भाऊ आहेत. त्यांच्या जुन्या शाळेनं यू-डायसवर त्यांना अजून सोडलं नाही. फोन केला की "सर बाहेर गेले". तिसरी पहिलीतली मुलगी. तिच्या आधारवर जन्मतारीख १ जानेवारी २०२१. म्हणजे पोर्टलच्या मते ती साडेचार वर्षांची आहे. वर्गात बघाल तर पुढचे दोन दात पडलेले! नावही अर्धंच, बापाचं नाव नाही. आईला जन्मदाखला मागितला तर म्हणते गावाकडे असेल, दिवाळीला जाऊ तेव्हा आणू. दिवाळी ऑक्टोबरात.

आज दिंडी होती, उद्या एकादशी म्हणून. या मुलीनं श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात तुळस लावून आणली होती. डोक्यावरून खाली ठेवायला तयारच नाही. खिचडी खाताना पण एक हात डब्याला. सगळे हसून राहिले होते आणि मी तिच्याकडे बघून मनात म्हणत होती, एकसष्ट.

स्वतःचीच लाज वाटली. म्हणून लिहून राहिली.

तर्री_जास्त
शनिवार, ५ जुलै, रात्री ९.३२

मॅडम, तुमच्या त्या दोन भावांचं सांगतो. फोन नका करू, फोनवर कोणी हलत नाही. आमच्या उमरेड रोडच्या शाळेत मी काय केलं, पोट्ट्याच्या बापालेच गाडीवर बसवलं अन् जुन्या शाळेत घेऊन गेलो. हेडमास्तर समोर दिसले की म्हटलं, सर, लॅपटॉप उघडा, मी चहा सांगतो. दहा मिनिटांत पोरगं ड्रॉप बॉक्समधी आलं, म्हंजे जुन्या शाळेनं पोर्टलवर सोडलं. चहाचे तीस रुपये लागले, पेट्रोल वेगळं. आता हे टीएमध्ये कुठी दाखवू ते सांगा.

गणवेशाचं तर इचारूच नका. मागच्या वर्षी कापड वरून आलं, शिवायचं काम बचत गटाकडं, अन् पोट्ट्यांच्या अंगावर कपडे आले तेव्हा थंडी पडली होती. यंदा काम परत शाळा समितीकडं आलं, चांगलं झालं. पण दोन जोडाचे सहाशे रुपये खात्यात यायच्या आधी दुकानदाराले तोंड कोण दाखवते? मीच.

सक्करदऱ्याची_आई
शनिवार, ५ जुलै, रात्री १०.०५

मी शिक्षिका नाही, पालक आहे. राग मानू नका. दरवर्षी जूनमध्ये असे धागे निघतात, शिक्षकांवर किती कामं आहेत वगैरे. मान्य. पण आधारची सक्ती आली कशामुळे, तेही बोला. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली होती, तेव्हा कागदावरची पोरं वर्गात सापडली नव्हती. त्या खोट्या पटावर तुकड्या होत्या, पगार होते, तांदूळ होता. ते पोर्टलनं नाही केलं.

खडूवाली
शनिवार, ५ जुलै, रात्री १०.२०

राग नाही, ताई. बरोबर आहे तुमचं. तेव्हा मी डीएड करत होती, वर्तमानपत्र वाचून आम्हालाच शरम आली होती. पण तेव्हा पोरं कागदावर होती आणि वर्गात नव्हती. माझी पोरगी वर्गात आहे आणि कागदावर नाही. रोग उलटा झाला, औषध तेच चालू आहे.

सक्करदऱ्याची_आई
शनिवार, ५ जुलै, रात्री १०.२६

हं. हे पटलं.

नवा_शिक्षणसेवक
रविवार, ६ जुलै, सकाळी ८.४०

मी कोल्हापूरकडचा. शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरून निवड झाली आणि नागपूर जिल्हा मिळाला. मानधन सोळा हजार, तीन वर्षं. खोलीभाडं आणि कूलर यातच... असो. (कूलर विकतच घ्यावा लागतो इथं, हे गावाकडं कुणाला सांगून पटत नाही.)

माझी पहिल्या आठवड्याची अडचण वेगळी आहे. पहिलीचं पुस्तक यंदा नवीन. तिसरी भाषा शिकवायची की नाही, याचा आदेश १६ एप्रिलला आला, १७ जूनला बदलला. आमची शाळा २३ ला उघडली. मी रात्री बसून तक्ते रंगवले. २९ ला दोन्ही आदेश रद्द. माझ्या एकट्यापुरतं बोलायचं तर सहा दिवसांत मी एका विषयाचा शिक्षक झालो आणि निवृत्तही झालो. आदेश रद्द झाल्याचं वाईट नाही वाटलं. पहिलीतल्या लेकराला कशाला तीन भाषा? पण तक्ते फार देखणे झाले होते हो.

आणि एक. पोरगं येऊन म्हणालं, "सर, त्यानं मले ढकलून देल्लं." मी म्हटलं, काय दिलं? सगळा वर्ग हसला. आता रोज एक शब्द पोरंच शिकवतात मला.

तर्री_जास्त
रविवार, ६ जुलै, सकाळी ९.१५

सर, तक्ते फेकू नका. कधी कोणता आदेश परत येईल, काही सांगता येत नाही. अन् रविवारी या इकडं, पोहे खाऊ. तर्री सोसते का तांबड्या रश्श्यावाल्याले, पाहू.

एप्रिलवाली_टीचर
रविवार, ६ जुलै, दुपारी १२.३०

सरकारी शाळेवाल्यांनो, निदान तुमचं वर्ष जूनमध्ये तरी सुरू होते. आम्ही सीबीएसईवाले एप्रिलमध्ये सुरू करतो, पारा चाळीसच्या वर असताना. पोरं पंधरा-वीस दिवस येतात, मग सुट्ट्या. जूनच्या शेवटी परत येतात तेव्हा एप्रिलमधलं सगळं साफ. म्हणजे आमची "वर्षाची सुरुवात" दोनदा, दोन्ही वेळा तेवढीच डोकेदुखी.

आमच्याकडे पोर्टलपेक्षा पालकांच्या ग्रुपचा त्रास. रात्री साडेअकराला विचारतात, उद्या कोणते मोजे? वह्यांना खाकी कव्हर की निळं? आणि सगळ्यात जास्त चीड कशाची, तर आमच्यातल्या कितीतरी जणींना मे महिन्याचा पगारच मिळत नाही. जूनमध्ये नवीन पत्र देतात, जणू कालच कामाला लागलो. शाळेचं नाव लिहिणार नाही, नोकरी हवी आहे.

काटोलचे_गुरुजी
रविवार, ६ जुलै, सायंकाळी ५.५०

मी २००९ मध्ये निवृत्त झालो. एकादशीचा उपास आहे, साबुदाणा खाऊन निवांत वाचतो आहे.

तुमच्या त्या मुलीच्या तारखेवरून आठवलं. आमच्या काळी शाळा २६ जूनला उघडायची आणि दाखल-खारीज रजिस्टर घेऊन आम्ही घरोघरी हिंडायचो. पेरणीचे दिवस, माणसं वावरात. बांधावर उभं राहून विचारायचं, पोराचा जन्म कधीचा? कोणाला तारीख माहीत नसायची. काही गुरुजी सरळ १ जून, १ जुलै टाकून मोकळे व्हायचे. तुमच्या ओळखीतल्या म्हाताऱ्यांच्या जन्मतारखा काढून बघा, निम्मं गाव जून-जुलैत जन्मलेलं सापडेल. आईबापांनी काही त्या हिशोबानं पोरं जन्माला घातली नव्हती. ते आमच्या पेनाचं काम.

पण माझे एक हेडगुरुजी होते, ते तसं करू द्यायचे नाहीत. ते म्हणायचे, बापाला विचारू नको, मायला विचार, आणि तारीख विचारू नको. पोळ्याच्या आधी की नंतर ते विचार. कापूस वेचणीला होता का? पाऊस कोणता होता? घरात कोणाचं लग्न होतं त्या वर्षी? मग जुनी पंचांगं काढून तारीख लावायची. एकेका पोराला अर्धा तास जायचा. माय कधीही चुकत नाही, हे मी तीस वर्षांत पाहिलं.

म्हणून सुचवतो. जन्मदाखला कुठं आहे, हे तुम्ही त्या बाईंना विचारलं. मुलगी कुठं झाली, हे विचारलं का?

खडूवाली
रविवार, ६ जुलै, सायंकाळी ६.१५

नाही विचारलं, गुरुजी. आधारवर पत्ता बालाघाटचा, म्हणून तिकडचीच धरून चालली. उद्या विचारते.

केंद्रावरून
रविवार, ६ जुलै, रात्री ८.००

केंद्रप्रमुख आहे, म्हणजे तुम्हाला लिंका पाठवणाऱ्यांपैकीच एक. शिव्या पोचल्या. त्या लिंका मलाही वरून येतात, आणि बऱ्याचदा त्याच दिवशीच्या मुदतीनं.

कामाचं सांगतो. प्रवेशाची चिंता करू नका. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १४ नुसार वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. अंगणवाडीची नोंद किंवा पालकांचं घोषणापत्र चालतं. तुमची गाठ प्रवेशाशी नाही, मोजणीशी आहे. कायदा पोरीला आत घेतो आणि संच मान्यता (पटावरून शिक्षकांची पदं ठरवतात ती) तिला बाहेर उभं करते, अशी गंमत.

आधारवरची जन्मतारीख एकदाच दुरुस्त करता येते. म्हणून अंदाजानं काही करू नका, पक्का दाखला हातात आल्यावरच केंद्रावर जा. आणि मुलगी पाच वर्षांच्या वर असेल तर बोटांचे ठसे-डोळेही त्याच फेरीत अपडेट करून घ्या. नाहीतर वर्षभरानं पुन्हा तेच, आणि त्या आईची पुन्हा एक रोजी बुडेल.

एप्रिलवाली_टीचर
रविवार, ६ जुलै, रात्री ८.२२

बाळाचं आधार काढताना तारीख चुकते कशी पण?

केंद्रावरून
रविवार, ६ जुलै, रात्री ८.३५

कागद नसला की सांगतील तशी तारीख लावायचे. नुसतं वय सांगितलं की १ जानेवारी पडायची. १ जानेवारीचे वाढदिवस मोजा तुमच्या वर्गात. गुरुजींच्या काळी १ जून, आता १ जानेवारी. एवढाच फरक.

खडूवाली
सोमवार, ७ जुलै, रात्री ८.४५

गुरुजी, तुमच्या पाया पडायला काटोलला यावं लागते.

आज साडेपाचला कंपनी सुटल्यावर आई आली. टिफिनची पिशवी हातात, पायरीवरच बसली. मी तारीख विचारलीच नाही. म्हटलं, ही झाली कुठं? तर म्हणते, "डागा में." मी दोनदा विचारलं. डागा म्हणजे आपला नागपूरच्या गांधीबागेतलाच सरकारी दवाखाना, हो. तेव्हा नवरा इतवारीत हमालीला होता, खोली तिकडेच होती. पोरगी दीड वर्षाची झाल्यावर गावाला गेले, आधार तिथं काढलं. म्हणून पत्ता तिकडचा.

मग विचारलं, दिवस कोणता? तर ती हसायला लागली. म्हणे त्या दिवशी मारबत निघाली होती. (कोल्हापूरच्या सरांसाठी: इडापिडा घालवायला पुतळ्यांची मिरवणूक निघते ती.) पोटात कळा, ऑटो गर्दीत अडकला, पुढं काळी मारबत आणि डीजे. शेवटी नवऱ्यानं आणि दोन अनोळखी पोरांनी हात धरून चालवत नेलं. ते पोट्टे गर्दीला ओरडत होते, बाजू व्हा, बाजू व्हा. साल विचारलं तर म्हणे, "कोरोना के पहले वाला."

आणि हे ती मला पायरीवर बसून सांगते आणि पोरगी बाजूला उभी राहून ऐकते. बहुतेक खूपदा ऐकलं असेल, कारण ऑटो अडकल्यावर ती स्वतःच म्हणाली, "पीं पीं पीं."

काटोलचे_गुरुजी
सोमवार, ७ जुलै, रात्री ९.३०

जुनी कॅलेंडरं मी फेकत नाही, घरचे ओरडतात तरी. २०१९ चा पोळा ३० ऑगस्टला, शुक्रवारी. मारबत दुसऱ्या दिवशी, शनिवार ३१ ऑगस्ट. दवाखान्यातून महापालिकेत नोंद गेली असेलच. ही तारीख घेऊन झोन ऑफिसात जा.

तर्री_जास्त
सोमवार, ७ जुलै, रात्री ९.४१

इडा पिडा घेऊन जा गे मारबत म्हणतात, पोर्टलची पण घेऊन जायले पाहिजे होती. तरी मस्त झालं बाप्पा. म्हणजे आता पोरगी पावणेसहाची झाली, दात पडाले वय बरोबर.

सक्करदऱ्याची_आई
सोमवार, ७ जुलै, रात्री १०.१०

मी रोज महाल भागातच कामाला जाते. आईला झोन ऑफिसात सोबत हवी असेल तर मला मेसेज करा. मराठी फॉर्म असतो, तिला जड जाईल.

नवा_शिक्षणसेवक
मंगळवार, ८ जुलै, रात्री ९.५५

पाऊस थांबेना. उद्या शाळांना सुट्टी जाहीर झाली, सगळ्यांना कळलं का? माझ्या खोलीत पाणी आलंय, कॉटवर बसून लिहितोय. तक्ते मात्र वाचवले.

तर्री_जास्त
मंगळवार, ८ जुलै, रात्री १०.०२

कळलं. सुट्टीच्या मेसेजखाली दुसरा मेसेज पण वाचा: "उद्या सुट्टी असल्याने प्रलंबित माहिती पूर्ण करावी." लाइट नाही आमच्याकडं. मोबाइल अठरा टक्के.

एप्रिलवाली_टीचर
बुधवार, ९ जुलै, सकाळी ११.२०

आमच्याकडे ऑनलाइन वर्ग घ्या म्हणे. दोनच पोरं जॉइन झाली, त्यातलं एक छत्री उघडून घरात बसलं होतं.

खडूवाली
शुक्रवार, ११ जुलै, रात्री ८.३०

काल आईनं रोजी पाडली आणि सक्करदऱ्याच्या ताई तिला झोन ऑफिसात घेऊन गेल्या. (ताई, चहाचे पैसे पण तुम्हीच दिले, ते मला आईनं सांगितलं.) नोंद सापडली. ३१ ऑगस्ट २०१९, आईचं नाव बरोबर, बापाचं नाव बरोबर.

मुलीच्या नावाचा रकाना रिकामा. डिस्चार्ज झाला तेव्हा बारसं व्हायचं होतं आणि नंतर नाव टाकायला कोणी गेलंच नाही. आता नाव नोंदवायचा अर्ज, त्यावर दोघांच्या सह्या, मग दाखला, मग आधार, मग पोर्टल. बाप सेंट्रिंगच्या कामाला बुटीबोरीकडे गेलाय, रविवारी येतो. सही रविवारी, अर्ज सोमवारी.

तर्री भाऊ, ते दोन भाऊ पण सुटले. तुमची युक्ती केली, फक्त चहाऐवजी समोसे लागले. म्हणजे ६२ झाले. पद वाचलं असं धरून चालू. ही मुलगी आली की ६३.

आता ती ६२ मध्ये नसली तरी भागते. हे लक्षात आलं तेव्हा आज सकाळी वर्गात तिच्याकडे बघायला सोपं गेलं. सगळ्यांना पाटीवर आपापलं नाव काढायला सांगितलं. पहिलीत अजून कोणाला येत नाही, रेघोट्याच निघतात, पण धरायला लावते खडू. तिनं पूर्ण पाटीभर एक मोठा गोल काढला, त्याला चार चाकं लावली. मी विचारलं, हे नाव आहे का? तर म्हणाली, ऑटो.

सव्वा अकरा ते बारा, पंचेचाळीस मिनिटं मी आज वर्गात होती. फोन टेबलाच्या खणात ठेवला होता. नंतर बघितला तर चार लिंका.